रक्ताची परीक्षा : डर्बीची गोष्ट



'घोडामैदान जवळच आहे' असे आपण सहज बोलून जातो. निकाल परीक्षेचा लागायचा असो की निवडणुकीचा, वाद थांबवायला एवढे शब्द पुरतात. घोडा कसा आहे यावर बाजारात तासन् तास बोला, निवाडा मैदानातच व्हायचा. आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आज ज्या शर्यतीबद्दल मी बोलणार आहे, तिच्या मुळाशीही हीच समजूत आहे. त्या शर्यतीचे नाव डर्बी.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी रेसकोर्सच्या फाटकातून कधी पाऊल टाकले नसेल. विषय कळवायला मी संयोजकांना फोन केला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली होती. तो संकोच मला समजतो. मी पशुवैद्य. आयुष्याची पस्तीस वर्षे घोड्यांच्या पागांमध्ये काढली. पण त्याआधी मी पुण्यातल्या एका वाड्यात वाढलेला मुलगा आहे. आमच्या वाड्यात एक गृहस्थ होते. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यातला. रेसच्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या दाराने बाहेर पडत आणि संध्याकाळी मागच्या दाराने घरात येत. एका पावसाळ्यात त्यांच्या पत्नीच्या हातातल्या पाटल्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यात शिवणयंत्र गेले. ते यंत्र हातगाडीवर चढवताना मी पाहिले आहे.

त्यामुळे 'रेस' म्हटल्यावर मराठी घरात कपाळाला आठी का पडते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, त्यात कौशल्याला मोठे स्थान आहे. घोड्यांत वावरलेला माणूस म्हणून मला तो निकाल पटतो. पण त्या माउलीचे शिवणयंत्र निकालाने परत येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे पैजेची वकिली म्हणून ऐकले जाणार नाही.

मग मी बोलणार आहे कशाबद्दल? रक्ताबद्दल. रेसच्या घोड्याच्या रक्ताची परीक्षा कशी ठरली, ती आपल्याकडे कशी आली आणि परीक्षा संपल्यावर त्या रक्ताचे पुढे काय होते, या क्रमाने जाऊ.

डर्बीत धावणाऱ्या घोड्याला थरोब्रेड म्हणतात. हा घोडा निसर्गात कुठे सापडत नाही. तो माणसाने घडवला, आणि तोही गेल्या तीनशे-सव्वातीनशे वर्षांत. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात पूर्वेकडून काही घोडे इंग्लंडात गेले. त्यातल्या तिघांचाच बापाकडचा वंश आज उरला आहे : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. डार्ली अरेबियन हा १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून गेलेला घोडा. आज जगात कुठल्याही रेसकोर्सवर धावणारा थरोब्रेड घ्या, बापाकडून बापाकडे मागे मागे जा, तुम्ही या तिघांपैकी एकापाशी पोहोचता. बहुतेक वेळा डार्ली अरेबियनपाशी, आणि तेही एक्लिप्स नावाच्या घोड्यावरून. १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहण होते. त्या सुमारास जन्मला म्हणून त्याचे नाव एक्लिप्स, म्हणजे ग्रहण. तो अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही.

आपल्याकडे लग्न जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करायचे, तशी या घोड्यांची वंशावळ १७९१ पासून छापील पुस्तकात नोंदवली जाते. आई कोण, बाप कोण, नोंद नसेल तर तो घोडा थरोब्रेडच नव्हे. पण वंशावळ हा कागद झाला. कागदावर सगळेच कुलीन असतात. रक्त खरे आहे की नाही हे ठरवायचे कसे?

त्याचे उत्तर लंडनजवळच्या एप्सम गावी मिळाले. त्याआधीच्या शर्यती पाच-सहा वर्षांच्या पक्क्या घोड्यांच्या असत, चार-चार मैलांच्या, एकाच दिवशी फेऱ्यांमागून फेऱ्या. त्यात दम कळे. पण पैदास करणाऱ्याला निकाल हाती यायला वर्षे लागत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नवा विचार आला : तीन वर्षांची कोवळी जनावरे, एकच धाव, एकदाच. एप्समजवळ डर्बीच्या बाराव्या अर्लचे 'द ओक्स' नावाचे घर होते. १७७९ मध्ये त्याने घोड्यांच्या मादी शिंगरांसाठी शर्यत ठेवली, तिला घराचेच नाव दिले. त्याचीच ब्रिजेट ती जिंकली. पुढच्या वर्षी नर-मादी दोन्हींसाठी दुसरी शर्यत ठेवली. तिला नाव यजमानाचे द्यायचे की पाहुणे सर चार्ल्स बनबरी यांचे, यासाठी नाणे उडवले असे सांगतात. नाण्याची गोष्ट खरी असो वा नसो, नाव डर्बी पडले, आणि ४ मे १७८० ला ती पहिली डर्बी जिंकली बनबरींच्याच डायोमेडने. (इंग्लंडात उच्चार 'डार्बी' करतात. आपण डर्बी म्हणतो, अमेरिकेतही तसेच म्हणतात. मी आपला उच्चार सोडणार नाही.) सुरुवातीला ती एक मैलाची होती. १७८४ पासून दीड मैलाची झाली, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २४०० मीटर.

आता माझा मुख्य मुद्दा. एकदाच. हा शब्द ध्यानात ठेवा. आपल्या मुलाला दहावीला कमी गुण पडले तर तो पुन्हा बसतो. क्रिकेटपटू एका डावात शून्यावर बाद झाला तर दुसरा डाव असतो. डर्बीला दुसरा डाव नाही. घोडा तीन वर्षांचा आयुष्यात एकदाच असतो. त्या दिवशी त्याच्या खुराला ठणका लागला, सर्दी झाली, जॉकी कडेच्या गर्दीत अडकला, संपले. पुढच्या वर्षी तो चार वर्षांचा, आणि मैदान नव्या तीन वर्षांच्या घोड्यांचे.

आणि घोड्याचे वय तरी कसे मोजतात? उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. ३१ डिसेंबरच्या रात्री एखादे शिंगरू जन्मले, तर सकाळ उजाडताच ते कागदोपत्री एक वर्षाचे. म्हणून घोडी अकरा महिने गाभण राहते हे लक्षात घेऊन पैदास करणारे तारखांची जुळवाजुळव करतात. वय हा या परीक्षेचा कणा आहे. म्हणूनच फसवणूक झाली तीही वयाचीच.

१८४४ ची डर्बी रनिंग रेन नावाच्या घोड्याने जिंकली. काही लोकांना संशय आला. घोड्याचे वय दातांवरून कळते, हे आपल्याकडे बाजारातला साधा शेतकरीसुद्धा बैलाचा जबडा उघडून सांगेल. प्रकरण कोर्टात गेले. न्यायाधीश म्हणाले, घोडा आणा. घोडा काही आला नाही, त्याला गायब केले होते. तो मुळात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. विचार करा, एक वर्ष! तीन वर्षांच्या मुलांत चार वर्षांचा सोडला की काय होते? शर्यत दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळाली.

ही लबाडी उघडकीला आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला ते लॉर्ड जॉर्ज बेंटिंक. त्यांच्यापाशी मी थोडा थांबतो, कारण डर्बीच्या सगळ्या इतिहासात मला सर्वात जवळचा वाटणारा माणूस हाच आहे. बेंटिंक यांनी आयुष्य घोड्यांत घातले होते. एकच इच्छा होती, डर्बी जिंकावी. मग राजकारणाची हाक आली. धान्याच्या आयातीवरून इंग्लंडात वादळ उठले होते. १८४६ साली त्यांनी आपली सगळी पागा, घोडे, घोड्या, शिंगरे, एका सौद्यात विकून टाकली आणि संसदेचे काम हाती घेतले. त्या विकलेल्या शिंगरांत सर्प्लिस नावाचे एक होते. १८४८ ची डर्बी सर्प्लिसने जिंकली. दुसऱ्याच्या रंगांत. बेंटिंक त्या दिवशी कसे कळवळले, हे त्यांचे मित्र डिझरायली यांनी लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बेंटिंक वारले. कर्तव्यासाठी माणसाने काय सोडले याची मोठी यादी इतिहासात असते. एक शिंगरू सोडले, हे कोणी त्या यादीत धरत नाही. मी धरतो.

एप्समच्या मैदानावर माणसांचेही रक्त सांडले आहे. ४ जून १९१३ च्या डर्बीत एमिली डेव्हिसन ही स्त्री-मताधिकाराची कार्यकर्ती टॅटनहॅम कॉर्नरच्या वळणावर कठडा ओलांडून धावत्या घोड्यांसमोर गेली. राजा पंचम जॉर्जचा घोडा ॲनमर तिच्या अंगावर आदळला. ती चार दिवसांनी गेली. तिला काय करायचे होते, जीव द्यायचा होता की राजाच्या घोड्याला झेंडा बांधायचा होता, यावर आजही एकमत नाही. पण जागा तिने अचूक निवडली. डर्बीला सारे राष्ट्र एप्समला असे. कधी काळी डर्बीच्या दिवशी पार्लमेंटचे कामकाजही तहकूब होत असे.

आता दोन मिनिटे मला माझ्या व्यवसायाकडे वळू द्या. २४०० मीटरला सुमारे अडीच मिनिटे लागतात. म्हणजे घोडा तासाला जवळजवळ साठ किलोमीटरच्या वेगाने जातो, पाठीवर माणूस घेऊन. त्या अडीच मिनिटांत आत काय चालते? पागेत उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस. धावताना ते दोनशेच्या वर जातात. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने, आणि भरधाव असताना दर झेपेच्या लयीत एक श्वास. पण सर्वात अद्भुत गोष्ट पोटात घडते. घोड्याची प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतो, ही तांबड्या पेशींची कोठी आहे. शर्यतीच्या क्षणी ती आकसते आणि साठवलेले सगळे रक्त अंगात सोडते. रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण एरवी शंभरात पस्तीस-चाळीस असते, ते साठीच्या पुढे जाते. रक्त अक्षरशः घट्ट होते. 'रक्ताची परीक्षा' ही मी केलेली उपमा नाही. पाचशे किलोचे हे धूड ज्या पायांवर धावते, ते गुडघ्याखाली मनगटाएवढे बारीक असतात. तो पाय मोडला की बहुतेकदा वाचवता येत नाही. तो प्रसंग माझ्यावर आला आहे. त्यावर इथे अधिक बोलणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत घोड्यांच्या शर्यती भायखळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत. धावत बहुतेक अरबी घोडे, आखातातून गलबतांनी आलेले. १८८३ पासून महालक्ष्मीच्या दलदलीवर आजचे मैदान उभे राहिले. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे, असा क्रम बसला. पुण्याचे नाव घेतले की आणखी एक वास्तू डोळ्यांपुढे येते : आगाखान पॅलेस. आपल्यासाठी ते गांधीजींच्या स्थानबद्धतेचे ठिकाण, कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्यांचे ठिकाण. ते बांधले १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी. हेच आगाखान एप्समची डर्बी पाच वेळा जिंकले : १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२. त्यांच्या महमूदने १९३६ साली नोंदवलेली वेळ पुढे एकोणसाठ वर्षे कोणाला मोडता आली नाही. मध्ये १९३४ साली राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडने डर्बी जिंकली. नर्मदाकाठच्या एका लहान संस्थानाचे नाव त्या दिवशी इंग्लंडात तोंडोतोंडी झाले.

आणि बडोदे. १९४३ साली मुंबईत महालक्ष्मीला आपल्या देशात जन्मलेल्या घोड्यांसाठी पहिल्यांदा डर्बी झाली. ती जिंकली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. तिच्यावर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट होता. याच १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण केले. एका घोडेशौकिनाच्या वाड्यात देशाचा श्वास अडकला होता आणि मुंबईत घोडे धावत होते. दोन्ही एकाच काळातले, एकाच प्रांतातले. इतिहास लिहिताना आपण हे दोन धागे वेगळ्या खणांत ठेवतो.

दोन वर्षांनी, १९४५ साली, प्रतापसिंहरावांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. तेव्हाचा तो उच्चांक होता. त्या वर्षीचा डर्बीविजेता दान्ते, त्याचा हा सख्खा भाऊ. महाराजांनी त्याला आजोबांचे नाव दिले : सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक जातो, सक्तीचे शिक्षण आणतो, ग्रंथालये उभारतो, आणि त्याच्या मागे त्याचे नाव एका घोड्याच्या रूपाने डॉनकास्टरच्या मैदानावर पुकारले जाते. १९४७ च्या एप्सम डर्बीत सयाजीराव तिसरा आला. आयरिश डर्बी त्याने जिंकली. आणि सप्टेंबरात, देश स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा एडगर ब्रिटने त्याच्यावर डॉनकास्टरची सेंट लेजर ही शर्यत जिंकली. त्या बातमीने मला अभिमानही वाटतो आणि टोचणीही लागते. २८,००० गिनी रयतेच्या घामाच्या होत्या. ज्या राजाचे नाव घोड्याला दिले, त्याने ते पैसे शाळांवर खर्च केले असते असे मला वाटते.

संस्थाने गेली, डर्बी राहिली. आपली डर्बी सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. १ जानेवारी उलटलेला असतो, म्हणून इथे घोडे चार वर्षांचे. अंतर तेच, २४०० मीटर. आणि नियमही तोच, एकदाच. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही जॉकींची नावे एके काळी गॅलरीतून घुमत. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणूनही डर्बी जिंकली आणि ट्रेनर म्हणूनही. स्क्वाँडरर हा घोडा १९ पैकी १८ शर्यती जिंकला. २०१० साली जॅकलिन या घोडीने नरांना मागे टाकून डर्बी नेली, त्याच हंगामात 'गिनीज' नावाच्या दोन्ही शर्यती आणि ओक्सही नेल्या. मैदान मात्र आता आकसते आहे. २०१३ साली जमिनीचा भाडेपट्टा संपला, वाद झाले, आणि २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे जाण्याचे ठरले. मुंबईला मोकळी जागा हवी, यात मला दुमत नाही.

पण या सगळ्या नावांत एक नाव कधी छापले जात नाही. मोतद्दाराचे. घोड्याला पहाटे चंदी देतो तो, खरारा करतो तो, फिरवतो तो, रात्री पागेच्या दारात वळकटी टाकून झोपतो तो. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका घोड्याच्या पायात मला काही दोष दिसत नव्हता. मोतद्दार म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डावा पुढचा बघा. काल रात्री गरम होता." मी हात लावला, मला काही कळले नाही. त्याने माझा हात धरून दोन बोटे खाली सरकवला आणि म्हणाला, "इथं." दुसऱ्या दिवशी तिथेच सूज आली. घोडा त्या आठवड्याच्या शर्यतीतून काढला म्हणून त्याचा पाय वाचला. विजेत्याच्या छायाचित्रात लगाम धरून उभा असलेला माणूस तो. त्याच्याकडे बघा.

आता शेवटचे. शर्यत संपली, घोडा हरला किंवा जिंकला, वय झाले. पुढे काय? थोड्यांना पैदाशीसाठी ठेवतात. बाकीच्यांचे?

पुण्याचे पूनावाला घराणे १९४६ पासून रेसच्या घोड्यांची पैदास करते. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत जात. प्रतिविष करण्यासाठी घोड्याच्या अंगात विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात, हळूहळू वाढवत नेतात. घोडा तगतो आणि त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो. ते रक्त काढून त्यातून प्रतिविष तयार करतात. थरोब्रेडचे अंग मोठे, रक्त भरपूर. तरुण सायरस पूनावालांना प्रश्न पडला की घोडे आमचे, मग हे काम आम्हीच का करू नये? १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि सुरुवातीच्या औषधांत होते धनुर्वातावरचे आणि सर्पदंशावरचे प्रतिविष. आज साऱ्या जगात ज्या कंपनीच्या लसी जातात, तिची मुळे रेसच्या पागेत आहेत.

आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष देतात ते चार सापांच्या विषावर चालते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे म्हणजे कोकणातले आमचे जुने वैरी. माझ्या आतेभावाला रत्नागिरीजवळ काजूच्या बागेत पालापाचोळा सारताना फुरसे चावले. हिरड्यांतून रक्त यायला लागले, ते थांबेना. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रभर एकामागून एक कुप्या चढवल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तेव्हा तो उशीला टेकून पेज खात होता. खाटेखालच्या बादलीत रिकाम्या कुप्या होत्या. मी एक उचलून त्याला दाखवली आणि सांगितले, हे घोड्याचे रक्त तुझ्या अंगात गेले आहे. त्याने पेजेची वाटी खाली ठेवली, कुपी हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारले, "कुठला घोडा रे?"

मला सांगता आले नाही. अजूनही मी डर्बीच्या दिवशी कठड्याशी उभा राहतो, तेव्हा शेवटी येणाऱ्या घोड्याकडे जास्त वेळ बघतो.